तारा वाचणारे आबा

आबा कुठल्याही गावात शिरले की आधी मान वर करून तारा बघायचे. विजेच्या, केबलच्या, एका छपरावरून दुसऱ्या खिडकीत गेलेल्या. आपण नव्या गावात देऊळ बघतो, शाळा बघतो, चहाची टपरी शोधतो. आबा एसटीतून उतरायचे, टोपी मागे सारायचे आणि दोन मिनिटं नुसते वर बघत उभे राहायचे. मग हळू आवाजात मला सांगायचे, "ह्या दोन घरांत बोलणं न्हाई बगा. भिंतीला भिंत हाय, पर मांडवाला लाईट पल्याडच्या आळीतनं ओढून आणलीय." पुढे चौकशी केली की ते खरं निघायचं. बांधावरून नाहीतर पाण्याच्या पाळीवरून कधीतरी फाटलेलं असायचं आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत ते तसंच राहिलेलं असायचं.

ते लष्करात सिग्नलमध्ये हवालदार होते. पाठीवर तारेचं रीळ बांधून डोंगरदऱ्यांतून टेलिफोनची लाईन टाकायची, तुटली की शोधून जोडायची, हे त्यांचं उमेदीतलं काम. पेन्शनीत निघाल्यावर ते कडेगावकडच्या आपल्या गावी परतले. गावात कुणाच्याही घरी वायरीचं काही बिघडलं की त्यांना बोलावणं जायचं. पाहुण्यांना त्यांची ओळख 'लाईनवाले आबा' एवढीच करून दिली जायची, आणि मलाही कितीतरी दिवस तेवढीच माहीत होती.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पीएच.डी.साठी मी आपल्याच भागातली स्वातंत्र्याआधीची भूमिगत चळवळ घेतली होती. माझे मार्गदर्शक म्हणाले, कोण किती मोठा होता हे पुष्कळ लिहून झालंय. कोण कोणाला धरून होता ते बघा. त्यासाठी संगणकावर एक पद्धत आहे. माणूस म्हणजे ठिपका आणि दोन माणसांचा संबंध म्हणजे रेघ. पोलिसांचे जबाब, जुनी पत्रं, स्वातंत्र्यसैनिकांचे पेन्शनचे अर्ज, घरोघरी जाऊन घेतलेल्या मुलाखती, यांतून एकेक नाव आणि एकेक संबंध भरत गेलं की पडद्यावर जाळं उभं राहतं. कोणाशी सगळ्यांचं येणंजाणं होतं, कोण कडेला होतं, कोणता एक माणूस गेला असता तर दोन गटांचा संपर्क तुटला असता, हे त्यात दिसतं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आबांची पहिली भेट त्यांच्या गावातल्या हुतात्मा स्तंभापाशी झाली. तिथे दर वर्षी कार्यक्रम असतो. आबा मांडलेल्या खुर्च्यांच्या मागे माइकच्या मशिनीजवळ उकिडवे बसून वायरीचं टोक दातांनी सोलत होते. मी बरोबर आणलेली आकृती त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हे तर आमचं एक्स्चेंज झालं. कुठल्या लाईनीचं बोलणं कुटं जातंय त्ये." दोन वर्षं ज्या गोष्टीवर मी इंग्रजी पुस्तकं वाचत होते ती या माणसाला एका नजरेत कळली होती. दुसऱ्या आठवड्यापासून ते माझ्याबरोबर हिंडू लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण माझ्याआधी एसटीत चढून खिडकीची जागा धरायचा, आणि ती मला द्यायचा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "घंटी वाजली म्हंजे बोलणं झालं असं न्हवं." ते मला पहिल्याच महिन्यात ऐकावं लागलं. पेन्शनच्या अर्जाला दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला लागायचा, 'हे माझ्याबरोबर भूमिगत होते' असा. मी अशा प्रत्येक दाखल्याची एक रेघ काढली होती, आणि त्यात इस्लामपूरकडचे एक गृहस्थ मध्यभागी येऊन बसले होते. मी खुशीत होते. आबांनी मला त्यांच्या मुलाकडे नेलं. मुलगा म्हणाला, आमचे वडील लय दयाळू होते, तालुक्याला कचेरीच्या पायरीवर बसायचे आणि जो येईल त्याला सही द्यायचे. बाहेर आल्यावर आबांनी कान खाजवत ते वाक्य ऐकवलं. मी घरी येऊन पंचवीसेक रेघा पुसल्या.

तेव्हापासून त्यांनी मला एक सवय लावली. वहीत प्रत्येक रेघेपुढे एक रकाना आखायचा आणि त्यात लिहायचं, या लाईनीवरून काय गेलं? भाकरी गेली, निरोप गेला, पिस्तूल गेलं, मुलगी दिली, की नुसतीच ओळख होती? लिहिता आलं नाही तर रेघ पेन्सिलीने काढायची. माझे विद्यार्थी आजही तो रकाना आखतात. त्याला आम्ही आबांचा रकाना म्हणतो आणि त्यांच्यातल्या कुणालाही ते आबा कोण हे माहीत नाही.

फोनवर त्यांचं बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणायचे. वायरलेसची सवय. मी एकदा गमतीनं म्हटलं, आबा, शेवटी 'आऊट' म्हणतात ना? ते म्हणाले, "आऊट म्हंजे संपलं. ओव्हर म्हंजे माझं झालं, आता तुमी बोला." त्यांनी माझ्याशी बोलताना 'आऊट' कधीच म्हटलं नाही. त्यामुळे प्रत्येक फोन मलाच ठेवावा लागायचा आणि ठेवताना काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या आणखी दोन सवयी मला दिसत होत्या, पण मी त्यांचा अर्थ लावला नव्हता. परगावी ते कुणाच्याही घरी मांडी घालून जेवायचे. स्वतःच्या गावात मात्र कुणाच्या पंगतीला बसलेलं मी त्यांना बघितलं नाही; लग्नात माइक लावायचे आणि घरी जाऊन भाकरी खायचे. दुसरी सवय स्तंभाच्या कार्यक्रमातली. तिथे स्वातंत्र्यसैनिकांच्या घरच्यांसाठी पुढे खुर्च्या मांडतात, शाल-नारळ देतात. पहिल्या खुर्चीवर अण्णा बसायचे. अण्णांचे वडील पोलिसांच्या हाती सापडले आणि तुरुंगातच वारले. ते गेले तेव्हा अण्णा पाळण्यात होते. आबा शेवटपर्यंत मागे मशिनीजवळ उभे राहायचे. मला वाटायचं, कामामुळे.

ज्या छाप्यात अण्णांचे वडील सापडले तो माझ्या प्रबंधाचा गाभा होता. ओढ्याकाठच्या वस्तीवर पाच जण लपले होते. पोलिसांनी पहाटे वस्ती वेढली ती अगदी नेमकी, म्हणजे कुणीतरी जागा सांगितली होती. कुणी, हे कुठल्याच कागदात नाही. आबांबरोबर हिंडायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी माझं जाळं बरंचसं भरून झालं आणि मला त्यात उत्तर दिसलं. एका बाजूला ओढ्याकाठचा गट, दुसऱ्या बाजूला तालुक्याची पोलीस कचेरी आणि दोघांना जोडणारा एकच ठिपका. जबाबांत त्याचं नाव 'गणू दूधवाला' एवढंच होतं. तो वस्तीवर निरोप पोचवायचा आणि रोज तालुक्याला फौजदाराच्या घरी दूधही घालायचा.

मी लॅपटॉप घेऊन आबांच्या घरी गेले. आनंदाने गेले, हे सांगायला आज लाज वाटते. पडवीत बसून मी त्यांना दाखवलं, की बघा, जे कागद सांगत नाहीत ते आकृती सांगते. आबांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून, एकेक रेघ धरत ते गणूच्या ठिपक्यापर्यंत आले. मग म्हणाले, ह्यो ठिपका काढला तर काय हुतंय? मी गणूचा ठिपका काढून टाकला. पडद्यावरचे दोन्ही भाग हळूहळू एकमेकांपासून लांब सरकले आणि मधे पांढरी जागा राहिली.

"बराबर हाय," आबा म्हणाले. "गाव बी हेच म्हणतंय. त्यो माझा बाप."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा झालं. दीड वर्ष ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्यांच्याच पडवीत बसून मी त्यांच्या वडलांना फितूर ठरवलं होतं, आणि तेही पुरावा म्हणून. मी काहीतरी पुटपुटले. आबांनी चष्मा काढून मिटला आणि आत काकींना, म्हणजे आपल्या बायकोला, चहा टाकायला सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी थोडं सांगितलं, उरलेलं मला हळूहळू कळलं. छाप्यानंतर गावाने गणूचं दूध बंद केलं. त्याच्या घरी हळदीकुंकवाला कुणी येईना, त्याला पंगतीला कुणी बोलवेना. माझ्या आकृतीत साल बदलत गेलं की त्या ठिपक्याच्या रेघा एकेक करून गळताना दिसतात. शेवटी एकच उरते, बहिणीकडे जाणारी. आबांची आई ते लहान असतानाच वारली आणि त्या बहिणीने, आबांच्या आत्याने, त्यांना आपल्या सासरी इस्लामपूरकडे नेऊन वाढवलं. पुढे बापाकडे परत आल्यावर शाळेतली पोरं त्यांना 'फितुराचं पोर' म्हणायची. मिसरूड फुटल्याबरोबर ते पलटणीत भरती झाले. वडील गेले तेव्हा खांद्याला चार माणसंही गावातून आली नाहीत. दोन परगावची होती.

मी विचारलं, मग आबा, पेन्शनीत निघाल्यावर परत इथेच का आलात? साताऱ्याला, सांगलीला कुठेही राहता आलं असतं. ते म्हणाले, "लाईन तुटली तर जितं तुटलीय तितंच जावं लागतंय. दुसरीकडं बसून जोडता येत न्हाई." मग म्हणाले, की अजून जोडलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर माझा सगळा जीव त्या एका ठिपक्यात अडकला. संशोधकाने असं अडकू नये म्हणतात. पण मला तो बाप सोडवायचा होता. आबांनी एकदाही तसं सुचवलं नाही. उलट ते नेहमीसारखे वर तारा बघत माझ्याबरोबर हिंडत होते. फक्त इस्लामपूरकडच्या एका गावात एका घरावरून जाताना ते मान खाली घालून भराभर चालायचे. मी विचारलं तर म्हणायचे, तितं आता कुणी जुनं न्हाई.

एकदा आबा तापाने पडले होते आणि मी त्या गावी एकटीच गेले. त्या घरासमोर उभी राहिले. आत एक चाळिशीची बाई होती. तिने बसायला सतरंजी टाकली आणि पितळी तांब्यात पाणी आणून दिलं. जुना, जड तांब्या. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घ्यायचे, तसं यावरही खिळ्याने ठोकल्यासारखी अक्षरं होती. 'चि. हौसा हिस, बंधू गणू' आणि खाली आबांच्या गावाचं नाव. मी विचारलं, हा कुणाचा? ती म्हणाली, "आमच्या आजेसासूच्या लग्नातला. पारवतीबाईंचा."

माझ्या जाळ्यात हौसा होती. कडेगावकडच्या गटात, कडेला: 'गणूची बहीण, वस्तीवर भाकरी पोचवत असे.' पार्वतीबाईही होती, इस्लामपूरकडच्या गटात: 'घरी कार्यकर्त्यांना आसरा.' दोन ठिपके, दोन गावं, मधे एकही रेघ नाही. आणि ती एकच बाई होती. लग्नात तांदळात नवं नाव लिहून तिला पार्वती केलं होतं, बाळंतपणाला माहेरी आली की ती पुन्हा हौसा व्हायची. माझ्या स्वतःच्या आईचं माहेरचं नाव मला दहावीत गेल्यावर कळलं होतं. लोणंदला मामाच्या घरी तिला भलत्याच नावाने हाक मारतात म्हणून मी रुसले होते. त्या मला ही गोष्ट सुचू नये? संगणकाला आपल्या बायकांची लग्नं ठाऊक नव्हती. मला तर होती.

घरी येऊन मी दोन्ही ठिपके एक केले. जाळ्याचे दोन तुकडे एकमेकांकडे ओढले गेले. आणि गणू आता एकटा नव्हता; वस्तीपासून पोलिसांपर्यंत दुसरी वाट निघाली होती. पार्वतीबाईंचा एक दीर पोलीस शिपाई होता, हे माझ्या नोंदीत आधीपासून होतं. बहीण माहेरी आली की वस्तीवर भाकरी घेऊन जात होती, तिच्या सासरच्या घरात पोलीस जेवत होता. मी वहीत लिहून टाकलं, दुसरा मार्ग सापडला, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने आबांचं गाव गाठलं.

आबा खाटेवर बसले होते, अंगात स्वेटर. मी सांगत गेले तसे ते माझ्याकडे नाही, दाराबाहेर बघत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "म्या पैल्याच दिवशी बगितलं हुतं. दोन्ही नावं तुझ्या कागदावर हुती." तोवर ते मला बाई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

मी रागावले. एवढी वर्षं बापाच्या नावावर डाग आहे, पुसायचं साधन समोर आहे, आणि तुम्ही गप्प? माझा आवाज चढला असावा, कारण काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी मला बोलू दिलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "बापाचं नाव पुसायला आत्याचं नाव लिवू नगंस, पोरी. माझ्या बापाला समद्यांनी टाकलं तवा तिनं न्हाई टाकलं. तिच्या हातची भाकरी खाल्लीय म्या."

मी म्हटलं, पण आबा, वाट तर आहे. ते म्हणाले, "वाट हाय म्हंजे त्या वाटनं चोर गेला असं न्हाई. माझ्या बापाला गावानं वाट बगूनच धरलं की. आता तू तेच तिला करणार व्हय?"

माझ्याच वहीतला रकाना त्यांनी माझ्यापुढे धरला होता: या लाईनीवरून काय गेलं? वस्तीवरून भाकरीची रिकामी पाटी परत आली, एवढं ठाऊक होतं. तिच्याबरोबर एक शब्द आला का, तो दिराच्या कानी पडला का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तसंच फौजदाराच्या घरी गेलेल्या दुधाबरोबर काय गेलं हेही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग प्रबंधात काय लिहू? दोन ठिपके एक आहेत हे लपवू? ते म्हणाले, लपवू नको. "खरं हाय त्ये लिव. दोन ठिपकं एक हायती तर एक कर. पर जे तुला ठावं न्हाई त्ये लिवू नगं, आन् बोलू बी नगं." मी हो म्हणाले. प्रबंधात तसंच लिहिलं. रेषा वाट दाखवतात, त्यावरून काय गेलं ते दाखवत नाहीत, असा एक परिच्छेद त्यात आहे. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. तो माझा नव्हता.

पुढच्या वर्षी गावाने स्तंभापाशी माझं भाषण ठेवलं. आबांनी सकाळपासून माइक तपासला होता. मी बोलायला उभी राहिले. पुढे अण्णा होते, शाली होत्या, मागे बायका बसल्या होत्या, आणि सगळ्यांच्या मागे मशिनीजवळ आबा. त्यांना तिथे उभं बघून मी हातातला कागद मिटला. मी ठरवलेलं सोडलं आणि म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं ज्याला फितूर म्हणत आलात त्याच्याविरुद्ध कागदात एक ओळ नाही. खबर दुसऱ्या वाटेनेही गेली असेल, आणि ती वाट मला..." माइक बंद पडला.

दहा-पंधरा मिनिटं खटपट चालली. मशीन चालू झाली तोवर वक्ते बदलले होते, नारळ वाटायला सुरुवात झाली होती. मी मागे गेले. आबा वायर गुंडाळत होते. इतक्या वर्षांत आबांनी लावलेला माइक एकदाही बंद पडला नव्हता, हे तिथे लहान पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. त्यांनीच सांगितलं, "वायर ढिली झालती." माझ्याकडे न बघता ते गुंडाळत राहिले. मी वचन मोडत होते, आणि मोडू दिलं नाही ते त्यांनी. सगळ्या गावासमोर बापाचं नाव धुऊन निघत होतं, मागे उभं राहून ते आयुष्यभर ज्याची वाट बघत होते ते घडत होतं, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वायर ओढली. मला वाटतं, एवढं मोठं धाडस मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही.

त्या हिवाळ्यात आबा गेले. आठ दिवस आधी फोन झाला होता. दम लागत होता, तरी त्यांनी विचारलं की कॉलेजात नवीन पोरं कशी आहेत, वहीत रकाना आखतात का. मग म्हणाले, की कार्यक्रमाला येत जा, माझ्यानंतर माइकवाला कोण धरतील कुणास ठाऊक, पण तू येत जा. आणि नेहमीसारखं 'ओव्हर' म्हणाले. मी नेहमीसारखा फोन ठेवला. ते पुढे नसणार आहेत हे कळलं असतं तर मी काय बोलले असते, याचा विचार मी पुष्कळदा करते आणि दर वेळी काहीच सुचत नाही. अंत्यविधीला मी उशिरा पोचले. गावातली माणसं बऱ्यापैकी आली होती. कदाचित माइकवाला म्हणून, कदाचित माझ्या अर्ध्या वाक्यामुळे.

यंदा मी पुन्हा स्तंभापाशी गेले. तालुक्याहून भाड्याने माइक आणला होता, चांगला चालत होता. मला बोलायला सांगितलं. आता सगळ्यांच्या मागे वायर ओढणारं कुणी नव्हतं. ते वाक्य तिथेच होतं, माझ्या जिभेवर, गेल्या वर्षी तुटलं तिथून पुढचं. मी थांबले. पाणी प्यायले. मग म्हणाले की मला भाषण करायचं नाही. दर वर्षी इथे पकडले गेले त्यांची नावं वाचतात. मला जे पकडले गेले नाहीत त्यांची वाचायची आहेत. ज्यांनी भाकरी नेली, निरोप नेला, घरात झोपायला जागा दिली. हे कागदात आहे, आणि प्रत्येक नावापुढे काय नेलं ते लिहिलेलं आहे.

मी एकेक नाव आणि त्यापुढचा रकाना वाचत गेले. कुणी ज्वारीचं पीठ, कुणी चिठ्ठी, कुणी घोंगडं. मग वाचलं: हौसा, म्हणजेच पार्वती, माहेरी असताना वस्तीवर रोज भाकरी. आणि त्याखाली: तिचा भाऊ गणू, दूधवाला, तीन वर्षं निरोप, एकदाही चुकला नाही. या बहीण-भावाने काय नेलं ते अण्णांच्या वडलांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात होतं. ते पत्र माझ्याकडे किती दिवस पडून होतं. बाप निर्दोष ठरेल असा पुरावा शोधण्याच्या नादात, त्या बापाने काय केलं हे वाचायचं मी विसरले होते.

अण्णांनी, पाळण्यात असताना ज्यांचा बाप गेला त्या अण्णांनी, मला परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. मग ते काठी टेकत उठले, खांद्यावरची शाल नीट केली आणि मागे बायका बसल्या होत्या तिकडे गेले. काकी घोळक्याच्या कडेला पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. अण्णा त्यांना म्हणाले, "वैनी, फुडं चला. खुर्ची मोकळी हाय."

काकी लगेच उठल्या नाहीत. शेजारच्या दोघींनी त्यांना हात दिला. त्या पुढे आल्या आणि पहिल्या खुर्चीवर अगदी टोकाला बसल्या. अण्णा पुढे परतले नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत ते मागे, माइकच्या मशिनीजवळ, आबा उभे राहायचे तिथे उभे होते.